वरणात पुडी कालवून दारू सुटत नाही, आत्या

रात्री साडेअकराला आत्याचा फॉरवर्ड आला. 'दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत! वरणात, भाजीत, चहात मिसळा. ७ दिवसांत कायमची सुटका. १०० टक्के आयुर्वेदिक. डॉक्टर आणि केंद्रांवर पैसे उडवू नका.' मागोमाग तिचा निरोप: 'पुडी आलीये. दादाला बोलू नकोस.' दादा म्हणजे तिचा मुलगा, माझा आतेभाऊ. झोप उडाली ती उडालीच.

यातला सगळ्यात भयंकर शब्द 'नकळत'. पुडीचा फोटो मागवला. पिवळसर भुकटी, स्टेपल मारलेली पिशवी, वर देवाचं चित्र. आत काय आहे, एक अक्षर नाही. नुसतंच चूर्ण असेल तर अठराशे रुपये पाण्यात. पण दारू नकोशी करणारं काही खरंच असेल तर? तशी गोळी असते, हे कबूल. डायसल्फिराम. दारूपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं. त्याचा निचरा करणारं एन्झाइम ही गोळी अडवते. मग थोड्याशा दारूनेही चेहरा लालबुंद, उलट्या, धडधड, रक्तदाब घसरतो. क्वचित जीवही जातो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. म्हणून तिच्या अमेरिकी माहितीपत्रकात चौकट आखून बजावलंय: रुग्ण नशेत असताना किंवा त्याला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय कधीही देऊ नये. 'आज गोळी घेतलीये, आज प्यायची सोय नाही' हे पिणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तर ती चालते. वरणातून पोटात गेली तर दादा नेहमीसारखी क्वार्टर मारणार आणि मध्यरात्री रिक्षा शोधत, आत्या, तू धावणार.

७ दिवसांचं म्हणाल, तर रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिले तीन-चार दिवस सगळ्यात धोक्याचे. हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात. काहींना दाखल करून औषधं द्यावी लागतात ती यासाठी. आणि 'कायमची'? वर्षानुवर्षं थेंब न घेतलेला माणूसही एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगमध्ये स्वतःला मद्यपीच म्हणवतो.

आयुर्वेदिक म्हणे. धोतराही झाडालाच येतो.

केंद्रांवर पैसे उडवायला लोक पोचलेत कुठे? एम्सच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसला ना कसला उपचार मिळाला होता. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून सुरू आहे, तरी आमच्या घरात त्याचं नाव कुजबुजूनच घेतात.

फॉरवर्डमागची एक अडचण मात्र खरी. पिणारा सहसा आपणहून येत नाही. 'मनात आणलं तर उद्या सोडेन,' हे दादाचं दोन वर्षं चाललंय. आत्या दमलीये, तिला दोष देववत नाही. पण तो येत नसेल तर घरच्यांनी आधी जावं, समुपदेशक त्यांच्याशीही बोलतात. सरकारची १४४४६ ही हेल्पलाइनही आहे.

शनिवारी आत्याला घेऊन जातोय. पुडी हिंगाच्या डबीशेजारी ठेवली होती तिने. ती तिथून काढून पर्समध्ये टाक म्हटलंय, डॉक्टरांना दाखवायला.