उद्योग स्वच्छ करावेत, पण बेताने

उद्योगांना स्वच्छ उत्पादनाची गोडी लावायचं काम तुमच्याकडे आलं असेल, मग तुम्ही मंत्रालयात असा की बँकेच्या कर्ज विभागात, तर आधी अभिनंदन. घाबरून जाण्यासारखं यात काही नाही. हे काम वर्षानुवर्षं सुरळीत चाललंय. तुमच्या हातून ते बिघडू नये, एवढीच काळजी घ्यायची.

सुरुवात रंगांपासून करा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची प्रदूषणाच्या प्रमाणानुसार लाल, नारिंगी आणि हिरव्या गटांत वर्गवारी केली, 2016 मध्ये पांढरा गट आणला आणि 2025 मध्ये कचरा-सांडपाण्याची विल्हेवाट लावण्यासारख्या सेवांसाठी निळा. हे सगळं दिल्लीच्या सुपीक डोक्यातून आलं, असा अनेकांचा गैरसमज आहे. डोंबिवलीत जानेवारी 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथलाच एक रस्ता गुलाबी झाला. तळोज्याच्या एमआयडीसीत ऑगस्ट 2017 मध्ये निळी कुत्री हिंडत होती, म्हणजे निळा गट आपल्या कुत्र्यांनी दिल्लीच्या सात वर्षं आधी अमलात आणला होता. गुलाबी गट मात्र अजून कुणी काढलेला नाही. कारकिर्दीत नाव करायचं असेल तर तेवढी जागा शिल्लक आहे.

आता पैशांकडे वळू. अनुदान द्यायचं ते यंत्र घ्यायला द्या, यंत्र चालवायला कधीही देऊ नका. हे सूत्र पाठ केलंत तरी तुमची निम्मी नोकरी निभावून जाईल.

सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं, म्हणजे सीईटीपीचंच घ्या. 2012 च्या सुधारित योजनेत खर्चाची वाटणी अशी होती: केंद्र 50 टक्के, राज्य 25 टक्के, उद्योजक 25 टक्के. रुपयातले बारा आणे सरकारचे! भूमिपूजन होतं, कोनशिला बसते, फीत कापली जाते, फोटो निघतो. पुढचं सगळं रुक्ष असतं. टाक्यांमध्ये हवा सोडणारे ब्लोअर चोवीस तास चालवायचे, चुना आणि तुरटी ओतायची, साठलेला गाळ तळोज्याला नाहीतर रांजणगावला टनाच्या भावाने पैसे मोजून पाठवायचा. वीजबिल भरताना फीत कापली, असं आजवर कुणी ऐकलं आहे का? मग त्या खर्चाला योजना तरी कशी असणार? साहजिकच बिल अंगावर आलं की ब्लोअर रात्री झोपतो आणि नाला जागा होतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. पहिल्या सरीबरोबर पंचगंगेत मासे पालथे पडले की बातमी येते, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस येऊन पाण्याचं सॅम्पल नेतो आणि ते प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दुसरी सर येऊन जाते. सावित्री, कुंडलिका, दाभोळची खाडी, सगळीकडच्या मच्छीमारांना हे वेळापत्रक तोंडपाठ आहे. तुमच्या कार्यालयात ते लावायची गरज नाही.

इथे एक धोका सांगून ठेवतो. काही लोक तुम्हाला गाठून सांगतील की, घाण झाल्यावर ती धुण्यापेक्षा मुळात कमी घाण करणं स्वस्त पडतं. हा विचार जुना आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 1989 मध्येच त्याचा गाजावाजा सुरू केला होता. उदाहरणार्थ, धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या दुकानात निकेलच्या टाकीतून काढलेला जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, दहा-पंधरा सेकंद टाकीवरच निथळू दिला, तर महागडं निकेल परत टाकीत पडतं, धुण्याच्या पाण्यात कमी जातं आणि पुढे सांडपाणी शुद्ध करायचा खर्चही उतरतो. धुण्याच्या टाक्यांमधलं पाणी शेवटच्या टाकीकडून पहिलीकडे, असं उलटं फिरवलं, तर पाणीही पुष्कळ वाचतं. ऐकायला छान वाटतं, पण विचार करा, पंधरा सेकंदांना अनुदान कसं देणार? त्याची निविदा कशी काढणार? बँक तारण काय घेणार? ज्या सुधारणेला खर्च नाही तिची फाइल होत नाही, आणि जिची फाइल होत नाही ती सरकारदरबारी घडलेलीच नसते. अशा माणसांना चहा पाजा आणि जिल्हा उद्योग केंद्राकडे पाठवा.

बँकवाल्यांनी आपल्यावर अन्याय झाला असं मानू नये. तुमचं काम तर आणखी सोपं आहे. कर्ज देताना प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र फाइलला लावून घ्या. अर्जदाराचं सांडपाणी नंतर कुठे जातं हे पाहायला शाखा व्यवस्थापकाला पाठवू नका, बिचाऱ्याला विम्याच्या पॉलिसी खपवायच्या असतात. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं, हे तुम्ही जाणताच. मोबाइल वाजायला लागतात, नोटिसा निघतात, वसुलीचे लोक दारात उभे राहतात. कारखान्याचं स्वतःचं सांडपाणी प्रक्रिया संयंत्र, म्हणजे ईटीपी, 90 दिवस बंद असेल तर काय होतं? काहीही होत नाही, आणि व्हायलाही नको. शेवटी पैसा तुमचा आहे, नदी थोडीच तुमची आहे? उलट ईटीपी बंद ठेवून वाचलेल्या पैशात हप्ता वेळेवर येतो, म्हणजे तुमच्या दृष्टीने तो आदर्श कर्जदारच झाला.

आणि हो, संयंत्रासाठी मुदत कर्ज देताना ते चालवण्याचा खर्च खेळत्या भांडवलाच्या हिशेबात चुकूनही धरू नका. धरलात तर ते खरोखरच चालू राहायची भीती आहे.

व्याजाची सवलत हे मात्र फार देखणं हत्यार आहे. 2018 मध्ये केंद्राने साखर कारखान्यांच्या इथेनॉल क्षमतावाढीसाठी योजना आणली: पाच वर्षं, वर्षाला 6 टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मं, यातलं जे कमी असेल ते व्याज सरकार सोसणार. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की ते हरित, यात वाद नाही. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना त्याच्या कित्येक पट स्पेंटवॉश, म्हणजे उरलेलं टाकाऊ पाणी, तयार होतो. तो काळाकुट्ट, आंबट वासाचा असतो आणि विहिरीत उतरला तर गावाला टँकर लावावा लागतो. पण विहीर काही पेट्रोल पंपावर दिसत नाही. स्पेंटवॉश जाळायचा बॉयलर, आटवायचं संयंत्र, सगळं कर्जात बसवता येतं. ते रोज चालतं का, हे विचारून सभासदांचा, संचालकांचा आणि शेवटी मंत्र्यांचा मूड घालवू नका. यातले दोघे तर बहुधा एकच असतात. उद्या कारखाना अडचणीत आला तर सरकारची थकहमी आहेच. ती मागताना नदीबद्दलचा रकाना नसतो.

आता तपासणी. इथे मला तुमचा थोडा जास्त वेळ हवा आहे, कारण शेजारच्या राज्यात एक भयंकर प्रकार घडून गेलाय.

गुजरात उच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानुसार तिथल्या प्रदूषणकारी कारखान्यांचं दरवर्षी त्रयस्थ पर्यावरण ऑडिट होत असे. पद्धत उत्तम होती. ऑडिटर कारखान्याने निवडायचा, फी कारखान्याने द्यायची, आणि कारखाना स्वच्छ असल्याचा दाखला ऑडिटरने द्यायचा. चिमणीतल्या धुळीची मर्यादा घनमीटरला 150 मिलिग्रॅम असेल, तर आकडे अगदी शिस्तीत दीडशेच्या जरा खाली येऊन बसत. इतकी एकजूट तर पंढरीच्या वाटेवरही दिसत नाही. 2009 ते 2011 या काळात काही अर्थशास्त्रज्ञ तिथे पोहोचले. त्यांत एस्थर दुफ्लो होत्या, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. अहमदाबाद आणि सुरत भागातले 473 कारखाने घेऊन त्यांनी काय केलं? निम्म्या कारखान्यांसाठी ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखे नेमले, त्यांची फी एका सामायिक निधीतून ठरावीक दराने दिली, आणि अधूनमधून दुसऱ्याच लोकांना पाठवून तीच चिमणी पुन्हा मोजून घेतली.

परिणाम वाचून अंगावर काटा येईल. जुन्या पद्धतीत ऑडिटरांच्या म्हणण्यानुसार धुळीची मर्यादा 7 टक्के कारखाने ओलांडत होते. प्रत्यक्षात ओलांडत होते 59 टक्के. नव्या पद्धतीत ऑडिटर खरं सांगू लागले. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं, पण खरं सांगितलं जातंय म्हटल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं! नवं यंत्र नाही, अनुदान नाही, कोनशिला नाही. फी कोणाच्या खिशातून येते, एवढंच बदललं होतं.

तेव्हा तुमच्या हातून सगळं झालं तरी चालेल, पण ऑडिटरची फी ज्याचं ऑडिट त्याच्याच खिशातून जाऊ द्या. रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये हरित ठेवींची, म्हणजे पर्यावरणपूरक कामांना वापरायच्या ठेवींची, चौकट आणली, तेव्हा दरवर्षी त्रयस्थ पडताळणीची अट घातली. बँकांनी त्या अटीला अजिबात बिचकू नये. त्रयस्थ नेमायचा कुणी आणि त्याचं बिल भरायचं कुणी, याचं उत्तर आरशात मिळेल. तसंच आपल्या राज्याच्या मंडळाने 2017 मध्ये चिमण्यांच्या धुरावरून कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. तारे जरूर द्यावेत, सुंदर दिसतात. फक्त एकतारा कारखान्याला कर्ज महाग आणि पाचताऱ्याला स्वस्त, असलं काही कुणी सुचवलं तर विषय पुढच्या बैठकीत घ्या.

कर लावायची हौस असेल तर कोळशाकडून शिका. 2010 मध्ये टनाला 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, वाढत वाढत 2016 मध्ये 400 झाला. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हीच रक्कम दुसऱ्या उपकराच्या नावाने राज्यांच्या महसुली तुटीची भरपाई करायला वळली. 2025 मध्ये तोही उपकर गेला. नाव स्वच्छतेचं, पैसा दुसऱ्याच खात्यात आणि शेवटी दोन्हींचं विसर्जन, असं नेटकं चक्र फार कमी योजनांना साधतं.

मुदतीबद्दलही संकोच नको. औष्णिक वीज केंद्रांनी गंधक वायू रोखणारी यंत्रणा दोन वर्षांत बसवावी, असं डिसेंबर 2015 मध्ये ठरलं. 2017 चं 2022 झालं, मग 2024 ते 2026, मग 2027 ते 2029. जुलै 2025 मध्ये सुमारे 78 टक्के केंद्रांना हे बसवायची गरजच नाही, असं जाहीर झालं. यात ज्यांनी इमानेइतबारे कर्ज काढून यंत्रणा बसवली त्यांचं काय, हा प्रश्न मनात येईल. त्यांना एक प्रशस्तिपत्र द्या आणि पुढच्या वेळी घाई न करण्याचा धडा बाकीच्यांना आपोआप मिळेल. ज्याने उशीर केला तो शहाणा ठरला, याहून मोठं प्रोत्साहन कुठलं सरकार देऊ शकतं?

शिक्षेची भाषा टाळा. 1 एप्रिल 2024 पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद जाऊन दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंतचा दंड आला. कैदेत पूर्वीही कुणी उठसूट जात होतं अशातला भाग नाही, पण मालकाच्या जिवाला घोर लागायचा, तो गेला. मोठ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे काय, हे त्याच्या दिवाळी भेटींच्या यादीशी ताडून पाहा. बँक गॅरंटी हे त्यातल्या त्यात टोचणारं प्रकरण आहे. संमतीपत्र देताना मंडळ ती मागतं आणि अटी मोडल्या तर जप्त करू शकतं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मंडळांना असे अधिकार असल्याचं सांगितलं. हरकत नाही. रक्कम माफक ठेवा, म्हणजे ती दंड न वाटता परवाना शुल्क वाटते.

राहता राहिलं सुरत. ऑडिटच्या प्रयोगावर समाधान न मानता तिथे 2019 मध्ये धुळीचा बाजार भरवला. तीनशेच्या आसपास कारखान्यांच्या चिमण्यांत सतत मोजणारी यंत्रं बसवली, एकूण धुळीवर कमाल मर्यादा घातली, आणि ज्याची धूळ कमी त्याने धूळ सोडायचे आपले उरलेले परवाने जास्तवाल्याला विकायचे, असं ठरवलं. अनामत रक्कम आधीच भरून घेतली होती, परवाने कमी पडले तर ती कापली जायची. धूळ 20 ते 30 टक्के घटली, आणि ती घटवण्याचा खर्चही जुन्या पद्धतीपेक्षा कमी आला. 2011 मध्ये केंद्राने ही कल्पना जाहीर केली तेव्हा गुजरात आणि तमिळनाडूबरोबर महाराष्ट्राचंही नाव होतं, म्हणजे कुणी ना कुणी तुम्हाला त्याची आठवण करून देणारच.

अशा वेळी नाही म्हणू नका. अभ्यासदौरा काढा. मुंबईहून सुरत चार-पाच तासांवर आहे, तरी शिष्टमंडळाला दोन रात्री लागतील असं धरा. मंडळाचे, उद्योग विभागाचे, अग्रणी बँकेचे आणि कारखानदार संघटनेचे प्रतिनिधी घ्या. चिमण्या बाहेरूनच पाहा, वर चढायला जिना अरुंद असतो. सकाळी लोचो खा, निघताना घारीचे डबे बांधून घ्या. परतल्यावर अहवालात लिहा की प्रयोग स्तुत्य आहे, तथापि महाराष्ट्रातील परिस्थिती भिन्न असल्याने सखोल अभ्यासासाठी समिती नेमावी. घारीची पावती जपून ठेवा, ती ‘क्षमतावर्धन’ या शीर्षाखाली बसते.