गणितज्ञांच्या फोटोला हार नको, पण त्यांची वही उघडा

२२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन जवळ आला की सांगली-मिरजेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या गणितज्ञांचा अभ्यास म्हणजे वेळेची नासाडी. ते जन्मजात अलौकिक होते, त्यांचं गणित कालबाह्य झालं, कामाचं तेवढं पाठ्यपुस्तकात सोपं करून दिलंय, बोर्डाला त्यावर मार्क नाहीत, आणि आता सगळं यंत्रच सोडवतं. मी विश्रामबागेत आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवतो, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

एक गोष्ट आधीच मान्य. फोटोला हार, रामानुजन यांचा १७२९ नंबरच्या टॅक्सीचा किस्सा आणि पाठ केलेलं भाषण यांनी कुणाचं गणित सुधारत नाही. पण त्याला अभ्यास म्हणतच नाहीत. त्या माणसाने गणित कसं केलं ते कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा करून बघणं, हा अभ्यास.

‘ते जन्मजात अलौकिक होते.’ रामानुजन असतील. तरी जॉर्ज कार या इंग्रज शिक्षकाच्या सूत्रसंग्रहात त्यांनी पोरवयातच डोकं घातलं होतं, हे विसरू नये. आणि द. रा. कापरेकर? देवळालीचे शाळामास्तर. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. कुठूनही सुरुवात करा, फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचता. यात वजाबाकीपलीकडे काही नाही. अलौकिक म्हणायचं तर ती चिकाटी. वर्गात हे दिलं की मुलं न सांगता तीन अंकी संख्यांवर जातात, ४९५ वर अडकतात, मग पाच अंकी घेतात आणि तिथे एकच संख्या येत नाही, चक्रं येतात, म्हणून चिडतात. मला ती चिडचिड फार आवडते.

‘सगळं पाठ्यपुस्तकात सोपं करून दिलंय.’ या मुद्द्यावर माझं सगळ्यात जास्त भांडण आहे, कारण सोपं करताना चुका पुसल्या जातात. २ घ्या, त्याचा वर्ग करा, आलेल्या वर्गाचा पुन्हा वर्ग करा: २, ४, १६, २५६, ६५,५३६. आता यातल्या प्रत्येकीत १ मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. सगळ्या मूळ संख्या. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा याला वाटलं, हे असंच चालणार. पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो. दुसरा अवयव ६७,००,४१७. एवढा मोठा फर्मा, आणि पुढच्याच पायरीवर चुकला! पुढे ऑयलरने हेही सिद्ध केलं की या संख्येचा मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाच भागाकार, खेळ खलास. पाच उदाहरणं जमली म्हणून नियम झाला असं समजू नये, हे मी वर्षभर ओरडून सांगितलं तरी मुलांना पटत नाही. ते या एका चुकीने पटतं.

‘जुनं गणित कालबाह्य.’ गणितज्ञ मंजुल भार्गव यांना २०१४ साली फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला एक सर्वोच्च सन्मान, मिळाला. ज्या कामासाठी मिळाला, त्यातला एक धागा थेट जर्मन गणिती गाउसच्या १८०१ च्या ग्रंथापर्यंत जातो आणि त्याही मागे ब्रह्मगुप्तापर्यंत, म्हणजे इ. स. ६२८. दोन वर्गी राशींपासून तिसरी बनवण्याची गाउसने दिलेली रीत पानंच्या पानं व्यापते. भार्गवांनी तीच घनाच्या आठ कोपऱ्यांवर आकडे मांडून दाखवली. गाउस वाचलाच नसता तर सोपं कशाला करायचं हेही कळलं नसतं. शिवाय फर्माचं १६४० मधलं एक प्रमेय ऑयलरने व्यापक केलं, आणि १९७७ मध्ये त्यावर आरएसए ही संदेश कुलूपबंद करण्याची पद्धत उभी राहिली. कालबाह्य म्हणे!

बोर्डाला मार्क नाहीत हे खरं आहे. सायकल चालवण्यालाही नाहीत.

राहिलं यंत्र. ६४१ हे उत्तर यंत्र क्षणात देतं. माझ्या वर्गात मुलांनी मोबाइलवर काढलंसुद्धा. त्यावर नववीतली एक मुलगी म्हणाली, “सर, पण ते ६४ आलं कुठून?” ते समजवायला फर्माचं तेच १६४० मधलं प्रमेय लागतं. येत्या रविवारी आम्ही ते घेतोय. पालकांनीही यायला हरकत नाही.