‘डॉक्टर व्हायचे तर गणित सोडा’ हा सल्ला का चुकतो

दहावीचा निकाल लागला की एक सल्ला हमखास फिरू लागतो: मुलांना डॉक्टर करायचे असेल तर अकरावीला गणिताऐवजी भूगोल घ्या, नीटला (वैद्यकीय प्रवेश परीक्षेला) गणित नसते, डॉक्टरकीत ते लागत नाही, वेळ वाचतो आणि नीट हुकलीच तर पुढचे पुढे बघता येते.

नीटच्या 720 गुणांत गणिताचा स्वतंत्र विभाग नसतो, हे खरे आहे. परंतु त्यांतले 180 गुण भौतिकशास्त्राचे असतात, आणि राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात दुसरेच प्रकरण ‘मॅथमॅटिकल मेथड्स’ हे आहे. त्यातले व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन गणित सोडलेल्यांनाही चुकत नाही. जो सराव इतरांचा गणिताच्या तासाला आपोआप होतो, तो त्यांना क्लासच्या एक-दोन लेक्चरमध्ये उरकावा लागतो.

डॉक्टरकीत गणित लागत नाही, हे तर सपशेल चूक आहे. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचे लॉगरिदमवर आधारलेले माप, 7.4 वरून 7.1 वर आला, तर लॉगरिदम न समजणाऱ्याला तो किरकोळ फरक वाटेल. प्रत्यक्षात रक्तातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण दुप्पट झालेले असते आणि रुग्ण गंभीर असतो. औषधाचा अर्धायुकाल (शरीरातील प्रमाण निम्मे होण्याचा काळ) सहा तासांचा असेल, तर चोवीस तासांनी शरीरात त्याचा सोळावा भाग उरतो, आणि पुढचा डोस कधी द्यायचा हे अशाच हिशेबावर ठरते.

वेळेचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, कारण चार शास्त्र विषय पेलताना दमछाक होतेच. मात्र भूगोलालाही लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिके आहेतच. शिवाय एमबीबीएससाठी खुल्या वर्गाला बारावीत जे 50 टक्के लागतात, ते भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांवरच मोजले जातात. गणितात जेमतेम उत्तीर्ण झाल्याने ती पात्रता जात नाही.

सल्ल्याचा सर्वांत घातक भाग शेवटचा, ‘पुढचे पुढे बघू’ हा आहे. गणित नसले तरी बी.फार्म.चा किंवा बी.एस्सी. नर्सिंगचा रस्ता खुला राहतो, पण राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाला भौतिकशास्त्राबरोबर गणित लागते. जीवशास्त्रात संशोधन करू इच्छिणाऱ्यांचेही नुकसान होते: पुण्याच्या आयसरसह (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेसह) सर्व आयसरांच्या प्रवेश परीक्षेतील 60 प्रश्नांपैकी 15 गणिताचे असतात. बारावीला गणित नसले तरी ही परीक्षा देता येते, परंतु त्या पंधरा प्रश्नांपुढे विद्यार्थी रिकाम्या हाताने बसतो. नीट हुकल्याचे जूनमध्ये कळते, तेव्हा गणित शिकण्याची दोन वर्षे निघून गेलेली असतात.

ज्यांना दहावीतच गणिताचा खरोखर जाच झाला असेल, त्यांनी ते जरूर सोडावे. बाकीच्यांनी प्रवेशाआधी कॉलेजात एबी ग्रुप आहे का, हे विचारून घ्यावे: इंग्रजी, एक भाषा किंवा आयटी, आणि गणित-जीवशास्त्रासह चारही शास्त्र विषय त्यात बसतात.