‘आयसोथर्मल आहे ना, मग काम सारखंच!’

परीक्षा जवळ आली की नागपुरातल्या बारावीच्या पोरांच्या मोबाइलवर एक चिठ्ठी फिरते. परवा शिकवणीतल्या एका पोरीने सीताबर्डीवरून तिची झेरॉक्सच आणली. विषय असा: तापमान न बदलता (आयसोथर्मल) वायू पसरतो तेव्हा तो किती काम करतो. चिठ्ठी म्हणते: ‘आयसोथर्मलमध्ये आंतरिक ऊर्जा बदलत नाही, म्हणून रिव्हर्सिबल असो वा इर्रिव्हर्सिबल, काम सारखंच. इर्रिव्हर्सिबलमध्ये वायूची एन्ट्रॉपी जास्त वाढते. फ्री एक्स्पान्शनमध्ये काहीच बदलत नाही.’

पहिल्या वाक्याचा अर्धा भाग बरोबर आहे, आणि घोळ तिथेच होतो. आदर्श वायूची (ज्याच्या रेणूंत एकमेकांची ओढ नाही असं मानतात त्याची) आंतरिक ऊर्जा बदलली नाही, तर जेवढी उष्णता घेतली तेवढं काम झालं, एवढंच ठरतं. ‘जेवढी’ म्हणजे किती, ते वाटेवर ठरतं.

पिस्टनवर वाळूचा ढीग आहे असं समजा. आत एक मोल वायू, ३०० केल्विन, १० लिटर. (३०० केल्विन म्हणजे २७ अंश. मे महिन्यात नागपूरकराला हसू येईल, पण हिशेब सोपा पडतो.) वाळू चिमूट-चिमूट उचलत, म्हणजे केव्हाही उलट फिरता येईल अशा रिव्हर्सिबल वाटेने, वायू २० लिटरपर्यंत नेला, तर काम ८.३१४ (वायूचा स्थिरांक) गुणिले ३०० गुणिले २ चा नॅचरल लॉग, म्हणजे सुमारे १७२९ जूल. आता तेवढीच वाळू एका हाताने सपकन ढकलून द्या; ही इर्रिव्हर्सिबल वाट. बाहेरचा दाब लगेच निम्मा होतो आणि शेवटपर्यंत निम्माच राहतो. वायू त्या हलक्या दाबाविरुद्धच पसरतो आणि पदरात पडतात १२४७ जूल. पिस्टन उसळतो त्या क्षणी आतलं तापमान सगळीकडे एकसारखंही नसतं. ३०० केल्विनवर ठाम असतो तो भोवतालचा परिसर.

एन्ट्रॉपीबद्दलचं (म्हणजे ऊर्जा किती विखुरली याच्या मापाबद्दलचं) चिठ्ठीचं म्हणणं तर साफ चूक. ती अवस्थेवर ठरते, म्हणून दोन्ही वाटांनी वायूची वाढ ५.७६ जूल प्रति केल्विनच. फरक परिसरात: पहिल्या वाटेने तो ५.७६ गमावतो, दुसरीने फक्त ४.१६. उरलेले १.६० विश्वाच्या, म्हणजे वायू आणि परिसर मिळून, खात्यात जमा. चिठ्ठीवाल्याने विश्वाची वाढ वायूच्या नावावर लिहिली.

फ्री एक्स्पान्शनमध्ये, म्हणजे वायू रिकाम्या जागेत पसरतो तेव्हा, काम शून्य, उष्णता शून्य, पण एन्ट्रॉपी तीच ५.७६ ने वाढते. १८४५ मध्ये जूलने पाण्यात बुडवलेल्या भांड्यांतून हवा रिकाम्या भांड्यात सोडली, तेव्हा पाण्याचं तापमान हललं नाही. त्यावरून ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याने तो वायू परत १० लिटरमध्ये कोंबून दाखवावा. अगदी हळूहळू दाबला तरी १७२९ जूल लागतील. एकदम वाळू टाकून दाबला तर २४९४.