जठरातला पाहुणा कसा सांभाळावा

दुर्बिणीच्या तपासणीत तुमच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी सापडला म्हणे. अभिनंदन! ज्या आम्लात भलेभले जंतू मरतात, तिथे हा गडी युरियापासून अमोनिया बनवतो, स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि जठराच्या चिकट अस्तरात बिळ करून बसतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांना १९८४ साली हे जंतू मुद्दाम पिऊन जठराला सूज आणावी लागली. तुम्हाला ते बहुधा लहानपणीच घरपोच मिळाले. मार्शल यांना २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं, तेवढं तुमचं राहिलं.

आता पाहुण्याची बडदास्त. त्याची तालीम तशी तुम्ही केव्हाच सुरू केलीय. लग्नातलं जेवण बाधलं की मेट्रोनिडाझोल, घसा खवखवला की अझिथ्रोमायसिन, तेही मेडिकलवाल्याला विचारून. (पट्टीवरची ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको’ सांगणारी लाल रेघ? नक्षी असते हो ती.) अझिथ्रोमायसिन हा पायलोरीवर देतात त्या क्लॅरिथ्रोमायसिनचा सख्खा भाऊ. एकाला चकवायला शिकलेला जंतू सहसा दुसऱ्यालाही दाद देत नाही. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा पायलोरी चिंताजनक जंतूंच्या यादीत घातला. पोराने नाव काढलं!

डॉक्टर बहुधा चौदा दिवसांचा कोर्स देतील: दोन अँटिबायोटिक, पित्ताची गोळी, कधी जोडीला बिस्मथ. तोंड कडू पडेल, बिस्मथने शौचाला काळं होईल. पण पाचव्या दिवशी जळजळ थांबते. हाच मुहूर्त साधा आणि गोळ्या बंद करा. तोवर कच्चे जंतू मेलेले असतात, मुरलेले उरतात. त्यांना आता अख्खं जठर मोकळं. अल्सर पुन्हा उघडेल, पण पाहुणा म्हटल्यावर थोडी पदरमोड आलीच. १९९४ पासून तो तंबाखूच्या पंगतीला, कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात बसतो, म्हणजे घराणंही मोठं.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची तपासणी सांगतील. तिच्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवायची असते. तुम्ही त्याच सकाळी घेऊन जा. जंतू दबून बसला तर रिपोर्ट स्वच्छ येईल. पेढे वाटा.

आणि उरलेल्या नऊ दिवसांच्या गोळ्या फेकू नका हं. फ्रीजवरच्या डब्यात ठेवा. वरच्या मजल्यावरच्या काकू परवाच म्हणत होत्या, त्यांच्याही पोटात आग पडते म्हणून.