डेव्ह पळेना, मामा दमला

मे महिना. सोलापूरचं ऊन, दारं-खिडक्या लावून घरात कोंडलेलो. भाच्याला म्हटलं, ये, मामाच्या काळातला गेम दाखवतो. 'डेंजरस डेव्ह'. डॉसवरचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवरचा, १९९० सालचा. शाळेच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून, एका खुर्चीवर दोघं टेकून खेळायचो तो.

डबल क्लिक. उत्तर काय, तर हे अॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही! अरे, १६ जीबी रॅम घातलीय मी, आणि ६४० केबीच्या जमान्यातला गेम झेपेना? कारण म्हणे ६४-बिट विंडोजवर असल्या जुन्या १६-बिट प्रोग्रॅमची सोयच नाही.

मग डॉसबॉक्स आणा, म्हणजे जुने डॉस गेम नव्या पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर. आधी 'माउंट सी', मग फोल्डरचा पत्ता, मग गेमचं नाव. दर सुट्टीत हे नव्याने शिकतो आणि दर सुट्टीत विसरतो. एवढं करून चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. वेग जुळवायला कंट्रोल धरून एफ११ नाहीतर एफ१२, आणि या लॅपटॉपवर त्यासाठी एफएनही दाबायचं. तीन बटणं! डेव्हला उड्या मारायला लावू की बोटांची कसरत करू?

वैतागून मित्राला फोन लावला. "काय बे, सोड की! मोबाइलवर खेळ." मोबाइलवर! बाण नसलेल्या काचेवर डेव्ह? याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

तासाभराने एकदाचा सुरू झाला. वळून बघतो तर भाचा आजीकडे शेंगाचटणी-भाकरी खात बसलेला.

"मामा, झालं का सुरू?"

झालं रे. पण ट्रॉफी घेतल्याशिवाय दार उघडत नाही, आणि आता लाइट गेली.