सर, ऑप्शन्स?

गणपतीत संगीत खुर्ची, फॅन्सी ड्रेस आणि पाककला उरकली की आमच्या सोसायटीच्या कमिटीला समाजप्रबोधन आठवतं. यंदा सामान्यज्ञान स्पर्धा ठरली. 'तुमच्याकडे अजून पेपर येतो ना?' एवढ्या पुराव्यावर प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "सोपे काढा हं," सेक्रेटरी बजावून गेले. "पालक दुखावले की विसर्जनाला मूर्ती उचलायला माणसं मिळत नाहीत."

मी इतके सोपे प्रश्न काढले की काढताना माझी मलाच लाज वाटत होती. आरती झाली, प्रसादाचे द्रोण फिरले, माइकने दोनदा किंचाळून घेतलं आणि पहिला प्रश्न सातवीतल्या एका चुणचुणीत मुलाकडे गेला. गोदावरीचा उगम कुठे होतो?

"सर, ऑप्शन्स?"

"ऑप्शन्स नाहीत रे. उगम एकच आहे."

पहिल्या रांगेतून त्याची आई उठली. "असं कसं? त्यांचा पॅटर्नच तसा आहे. ऑप्शन्स द्यायलाच हवेत."

दिले. ए महाबळेश्वर, बी भीमाशंकर, सी त्र्यंबकेश्वर... चौथा पर्याय माझ्या तोंडातच असताना पोरगा म्हणाला, "सी." टाळ्या पडल्या. मी विचारलं, "सी म्हणजे कुठलं बाळा?" तो म्हणाला, "सीच." क्लासच्या सरांनी सांगितलंय म्हणे, येत नसेल तर बिनदिक्कत सी ठोकायचं. दहा गुण त्याला द्यावे लागले. बिचाऱ्या कृष्णा, भीमा आणि नर्मदा मी उगाच राबवल्या.

आता 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य इथे अगदी जिभेवर येतं. पण आमच्या वेळी काय होतं? आमच्या हातात अपेक्षित प्रश्नसंच होता. 'भौगोलिक कारणे द्या : कोकणातील घरांची छपरे उतरती असतात' हे कारण आम्ही घडाघडा लिहायचो, आणि मास्तरांनी 'मग सोलापूरकडे धाब्याची का?' असं विचारलं की 'हा आहे का परीक्षेला?' म्हणून वही मिटायचो.

मोठ्यांच्या फेरीत खरी मजा आली. महाराष्ट्रात जिल्हे किती? एकदम चारी दिशांनी आकडे आले. सव्वीस! तीस! पस्तीस! गोंधळ माजला, आणि त्या गोंधळात माझ्या लक्षात आलं की प्रत्येक जण आपापल्या चौथीच्या भूगोलाशी इमान राखून आहे. १९६० साली राज्य झालं तेव्हा जिल्हे २६. पुढे १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, झाले ३०. १९९० मध्ये मुंबई उपनगर, ३१. १९९८ ला नंदुरबार आणि वाशीम, १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया, ३५. आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर, छत्तीसावा. म्हणजे माणसाला जिल्हे विचारावेत, आधार कार्ड मागायची गरज नाही. गेली कित्येक वर्षं पंचेचाळिशीतच मुक्काम ठोकलेल्या एका वहिनी सगळ्यांत मोठ्याने "सव्वीस!" म्हणाल्या, आणि ज्यांचं गणित बरं होतं त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली.

"शाळाच राहिल्या नाहीत हो," कोणीतरी मागून सुस्कारा टाकला. त्यावर आमच्याच विंगमधले झेडपीचे गुरुजी उठले. "कायद्यात आम्हाला तीनच बाहेरची कामं सांगितलीत. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. ती आटोपली की खिचडीची चव घ्यायची, वहीत नोंद करायची, ऑनलाइन माहिती भरायची. मग घंटा होते." लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. खेड्यापाड्यांतली पाचवीची निम्म्याच्या आसपास मुलं दुसरीचा धडा वाचू शकत नाहीत, हे शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'चे अहवाल सांगत आलेत. हे मी माइकवर बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात सेक्रेटरींनी घड्याळ दाखवलं. प्रबोधनाला साडेनऊपर्यंतच वेळ होता.

शेवटचा प्रश्न निर्णायक. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? सगळा मंडप एकमुखाने गरजला, "हॉकी!" मी म्हटलं, असा कुठलाही खेळ सरकारने जाहीर केलेला नाही. २०१२ साली माहिती अधिकारात विचारलं, तेव्हा क्रीडा मंत्रालयानेच तसं कळवलं होतं.

क्षणभर शांतता, आणि मग जो काही कल्लोळ उठला! "मग आम्हाला शाळेत मार्क कसे दिले?" तळमजल्यावरचे काका लाल झाले. एकाने मोबाइल काढून 'जन गण मन'ला युनेस्कोने जगात सर्वोत्कृष्ट ठरवल्याचा मेसेज वाचून दाखवला. तो खोटा आहे हे सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्याचा हॉकीशी काय संबंध हे कोणी विचारलंही नाही.

शेवटी सेक्रेटरींनी माइक माझ्या हातातून काढून घेतला. सोसायटीत वाद नको, हात वर करा म्हणाले. हॉकी हाच राष्ट्रीय खेळ, हा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. मिनिट बुकात रीतसर नोंद आहे : सूचक तळमजल्यावरचे काका, अनुमोदक आमची ही.